चाकोरीबाहेरची गाडी आणि सार्वजनिक वाट

‘चाकोरी’ हा शब्द मूळचा बैलगाडीचा. एकाच वाटेने गाड्या जाऊन जाऊन जमिनीत चाकांच्या ज्या दोन खाचा पडतात, ती चाकोरी. त्यावरून आपण ‘चाकोरीबद्ध’ म्हणू लागलो आणि चाकोरीबाहेर जाणाऱ्याचे कौतुक करू लागलो. माणसाच्या बाबतीत हे कौतुक ठीकच आहे. पण जी गाडी मुळात चाकोरीबाहेर जाण्यासाठीच बनवली आहे, ती सर्वांच्या मालकीच्या डोंगरावर, माळावर किंवा वाळवंटात आली तर काय करायचे? तिने कुठून जायचे हे कोणी ठरवायचे? वाट खचली तर ती कोणी दुरुस्त करायची? अमेरिकेत हा वाद गेली पन्नास-पंचावन्न वर्षे चालू आहे. त्यात कायदे झाले, खटले झाले, तुरुंगवास झाले आणि शेवटी जे हाती लागले ते आपल्यालाही उपयोगी पडण्यासारखे आहे.

मी या विषयाकडे गाड्यांच्या हौसेपोटी वळलो नाही. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. नोकरी सांभाळून गेली वीस-बावीस वर्षे मी सह्याद्रीतल्या जुन्या घाटवाटा आणि गावनकाशांवरच्या पाणंदी यांच्या नोंदी गोळा करतो आहे. सॉल्ट लेक सिटीला राहणाऱ्या माझ्या पुतणीने काही वर्षांपूर्वी तिकडच्या एका राष्ट्रीय वनाचा नकाशा आणून दिला. त्यात डोंगर नव्हते, झाडे नव्हती. होत्या फक्त आकडे घातलेल्या रेषा आणि प्रत्येक रेषेपुढे कोणते वाहन, कोणत्या महिन्यांत, याचे कोष्टक. गावनकाशे पाहून तयार झालेल्या माझ्या डोळ्यांना ती चीज ओळखीची वाटली. तिथून हा अभ्यास सुरू झाला आणि पुढे तिच्याकडे दोन महिने राहण्याचा योग आला तेव्हा त्यातल्या काही वाटा प्रत्यक्ष पाहताही आल्या.

आधी गाडी समजून घेऊ

‘ऑल-टेरेन व्हेईकल’, म्हणजेच एटीव्ही, ही मोटारसायकलसारखी दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायची, हँडलने वळवायची, पण रुंद आणि मऊ चाकांची गाडी. साध्या मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब तीस पौंडांच्या वर असतो. हिच्या टायरमध्ये तो दहाच्या खाली, बहुधा पाच पौंडांच्या आसपास. त्यामुळे टायर दगडावर दबतो, चिखलात पसरतो आणि बर्फावर तरंगल्यासारखा चालतो.

या गाडीचा जन्म झाला तो व्यापारी अडचणीतून. अमेरिकेत हिवाळ्यात मोटारसायकली खपत नसत. विक्रेत्यांना थंडीतही विकता येईल असे काहीतरी हवे होते. होंडा कंपनीचे अभियंता ओसामू ताकेउची यांनी दोन चाकांपासून सहा चाकांपर्यंत वेगवेगळे नमुने करून पाहिले आणि तीन चाकांवर निवड पक्की केली. १९७० साली ‘यूएस ९०’ या नावाने ती तीनचाकी बाजारात आली. इंजिन ९० सीसीच्या आतले, किंमत ५९५ डॉलर. हिच्यात स्प्रिंग नव्हते, शॉकअ‍ॅब्सॉर्बर नव्हते. धक्के खायचे काम फुग्यासारख्या टायरांकडेच होते. पुढे तिचे नाव ‘एटीसी ९०’ झाले. १९८२-८३ च्या सुमारास सुझुकीने चार चाकांची एटीव्ही आणली. त्याच काळात मागेपुढे सामानाचे कठडे असलेल्या गाड्या निघाल्या आणि शेतकरी, गुराखी, शिकारी यांनी त्या उचलल्या. खेळणे म्हणून आलेली वस्तू अवजार झाली.

यात एक यांत्रिक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढचे बरेच काही तिच्यावर अवलंबून आहे. मोटार वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा त्यात असते. बऱ्याच एटीव्हींमध्ये मागची दोन्ही चाके एकाच सलग दांड्यावर जखडलेली असतात. वळताना त्यातले एक चाक घसरलेच पाहिजे. मातीत, वाळूत ते सहज घसरते. डांबरावर मात्र मऊ टायर घट्ट धरतो, चाक घसरत नाही आणि गाडी एकतर सरळच जाते किंवा कलंडते. म्हणून ‘डांबरी रस्त्यावर चालवू नका’ ही सूचना खुद्द गाडीवरच चिकटवलेली असते. अमेरिकेतल्या अनेक वर्षांच्या नोंदींनुसार एटीव्हीवरच्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू सार्वजनिक रस्त्यांवर झालेले आहेत. डोंगरदऱ्यांत जाण्यासाठी केलेली गाडी सपाट रस्त्यावर अधिक घात करते, हे ऐकायला विचित्र वाटते; पण कारण वर सांगितले तेच आहे.

ऐंशीच्या दशकात मृत्यू आणि जखमींची संख्या इतकी वाढली, आणि त्यात मुलांचे प्रमाण इतके होते, की तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने कंपन्यांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. एप्रिल १९८८ मध्ये पाच प्रमुख कंपन्यांशी दहा वर्षांसाठी समझोता झाला. नव्या तीनचाकींची विक्री थांबली आणि सोळा वर्षांखालील मुलांसाठी ९० सीसीपेक्षा मोठी गाडी नाही, असे बंधन आले. २००८ च्या कायद्याने एटीव्हीची सुरक्षा मानके सक्तीची झाली. यंत्राचा प्रश्न अशा रीतीने काही अंशी मार्गी लागला. जमिनीचा प्रश्न त्याहून अवघड होता.

‘बंद नाही ते खुले’

अमेरिकेच्या पश्चिम भागात जमिनीचा फार मोठा हिस्सा केंद्र सरकारच्या ताब्यात आहे. त्यातले दोन मोठे सांभाळदार म्हणजे वनखाते, अर्थात फॉरेस्ट सर्व्हिस, आणि ‘ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट’. वनखात्याकडे सुमारे १९ कोटी ३० लाख एकर, तर ब्युरोकडे सुमारे साडेचोवीस कोटी एकर. म्हणजे एकट्या ब्युरोकडे आपल्या महाराष्ट्राच्या तिपटीहून अधिक जमीन. यूटा राज्यात तर साठ टक्क्यांहून अधिक जमीन केंद्राची.

या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या गुरे चरत होती, खाणी चालत होत्या, लाकूडतोड होत होती. प्रत्येक कामाने आपली एक वाट पाडली. त्या वाटांची ना यादी होती, ना कोणी मालक. नियम अलिखित होता: जिथे ‘बंद’ अशी पाटी नाही, ती जागा खुली. घोडा आणि खेचर यांच्या काळात हे खपून गेले, कारण जनावराला स्वतःची एक मर्यादा असते, ते दमते. यंत्र दमत नाही. वनखात्याच्या अंदाजानुसार अशा वाहनांवरून रानात जाणारे लोक १९७२ मध्ये सुमारे ५० लाख होते. २००० सालापर्यंत ही संख्या साडेतीन कोटींच्या आसपास गेली.

कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटाने धोक्याची घंटा वाजवली. बारस्टो ते लास व्हेगस अशी मोटारसायकलींची शर्यत तिथे होत असे. १९७४ साली सुमारे तीन हजार मोटारसायकली एका रेषेत उभ्या राहून एकदम वाळवंटात सुटल्या. झालेली हानी पाहून ब्युरोने १९७५ मध्ये परवानगी नाकारली. याच वाळवंटात दुसऱ्या महायुद्धात जनरल पॅटन यांचे रणगाडे सरावासाठी फिरले होते; त्यांच्या चाकोऱ्या आजही जागोजागी दिसतात.

असे का होते, हे समजण्यासाठी चाकाखालची माती पाहावी लागते. यूटाच्या कोरड्या पठारांवर मातीचा वरचा थर काळसर, खडबडीत, पापडासारखा असतो. तो नुसता वाळलेला चिखल नव्हे. नीलहरित जिवाणू, दगडफूल आणि शेवाळ यांनी मिळून विणलेले ते जिवंत आच्छादन असते. जिवाणूंच्या चिकट तंतूंनी वाळूचे कण एकमेकांना बांधलेले असतात. हे आच्छादन वाऱ्याने माती उडू देत नाही, पावसाचे पाणी धरते आणि हवेतला नायट्रोजन मातीत आणते. एक चाक त्यावरून गेले की पापड मोडतो, आणि पूर्ववत व्हायला कित्येक दशके, काही घटकांच्या बाबतीत शतकेही लागतात. गाडीवाल्याच्या दृष्टीने तिथे ‘काहीच नव्हते’. झाड नाही, गवत नाही, पीक नाही. ओसाड दिसणारी जमीन रिकामी नसते, हे त्या लोकांना समजायला वेळ लागला. आपल्याला अजून लागतो आहे.

वाक्य उलटले

८ फेब्रुवारी १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ११६४४ क्रमांकाचा आदेश काढला. केंद्राच्या जमिनी सांभाळणाऱ्या खात्यांनी अशा वाहनांसाठी कोणत्या जागा आणि वाटा खुल्या व कोणत्या बंद हे ठरवावे; ठरवताना माती, पाणी, झाडोरा यांची हानी, वन्यजीवांचा छळ आणि इतर लोकांशी होणारे तंटे कमीतकमी होतील हे पाहावे, असा त्याचा आशय. मे १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यात भर घातली. लक्षणीय हानी होत असेल तर ती जागा ताबडतोब बंद करावी. आणि खात्यांना वाटल्यास त्यांनी ‘जे खुले म्हणून ठरवले तेवढेच खुले, बाकी सगळे बंद’ असे धोरण स्वीकारावे.

जुना अलिखित नियम इथे उलटा झाला. ‘बंद नाही ते खुले’ याच्या जागी ‘खुले म्हटले तेवढेच खुले’. दिसायला शब्दांचा खेळ, पण परिणाम फार मोठा. पहिल्या पद्धतीत हानी झाल्याचे सिद्ध करण्याचे ओझे जमिनीच्या राखणदारावर पडते. प्रत्येक नवी वाट पडल्यावर त्याने धावत जायचे, पाटी लावायची. तोवर शेजारी दुसरी वाट पडलेली असते. दुसऱ्या पद्धतीत वाट आधी तपासली जाते, मग खुली होते.

अर्थात ‘वाटल्यास’ या शब्दाने पंचवीसेक वर्षे खाल्ली. ब्युरोने आपल्या जमिनींचे खुल्या, मर्यादित आणि बंद असे तीन प्रकार केले, पण ‘मर्यादित’ म्हणजे नेमक्या कोणत्या वाटा, याच्या याद्या वर्षानुवर्षे रखडल्या. यूटातली एक पर्यावरणवादी संस्था यावरून न्यायालयात गेली. अभयारण्याच्या दर्जासाठी राखलेल्या भागांत वाहने फिरत असताना ब्युरो स्वस्थ बसले आहे, तर त्याला कर्तव्य करायला लावा, अशी तिची मागणी. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती नाकारली. ‘जमीन राखा’ एवढे मोघम कर्तव्य न्यायालय राबवून घेऊ शकत नाही. नेमके, ठरावीक काम कायद्याने बंधनकारक असेल तरच तसा हुकूम देता येतो, असा त्याचा सारांश. निकाल कोणाला आवडो न आवडो, त्याने एक गोष्ट ठसवली. सदिच्छा कितीही थोर असली तरी ती राबवता येत नाही. क्रमांक असलेली वाट राबवता येते.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००५ मध्ये, वनखात्याने नवा नियम केला. प्रत्येक राष्ट्रीय वनाने मोटार वाहनांचे रस्ते, वाटा आणि जागा निश्चित करायच्या, त्यांचा नकाशा छापायचा आणि तो लोकांना फुकट द्यायचा. जी वाट नकाशावर नाही तिच्यावर वाहन नेणे हा गुन्हा. जागेवर पाटी असो वा नसो. नकाशा हाच कायदा. पुतणीने मला दिलेला कागद तो हाच. त्यात डोंगर का नाहीत हे मला तेव्हा उमगले. तो वाटाड्याचा नकाशा नाही. तो एक प्रकारचा सात-बारा आहे, वाटेचा.

पन्नास इंचांची गोष्ट

नियम पाळून वाट कशी करता येते, याचा चांगला नमुना मध्य यूटात आहे. ‘पायूट एटीव्ही ट्रेल’ ही सुमारे २७५ मैलांची गोल वाट आहे. तिला सुरुवात नाही, शेवट नाही. पायूट हे त्या प्रदेशातल्या आदिवासी समाजाचे नाव. वाट बरीचशी जुन्या खाणींच्या, लाकूडतोडीच्या आणि गुरांच्या मार्गांवरून नेली आहे. काही ठिकाणी ती अकरा हजार फुटांच्याही वर चढते आणि तिला शेकडो मैलांचे फाटे आहेत. मेरिसव्हेलसारखी जुनी खाणगावे तिच्यावर आहेत. एके काळी सोने आणि पुढे युरेनियम काढणाऱ्या या गावात आता एटीव्ही रस्त्यावरून हळूहळू येतात, पेट्रोलपंपावर थांबतात, खाणावळीसमोर रांगेत उभ्या राहतात. धुळीने माखलेली आजोबा-नातवाची जोडी शिरस्त्राण काढून भाकरतुकडा खायला बसलेली मी पाहिली. गुडघे गेलेल्या माणसाला अकरा हजार फुटांवरचे रान दाखवणारी दुसरी सोय नाही, हा या गाडीच्या बाजूचा युक्तिवाद मला तिथे पहिल्यांदा पटला.

या वाटांची एक खूण म्हणजे पन्नास इंच. वनखात्याच्या एटीव्ही वाटांवर पन्नास इंचांपेक्षा, म्हणजे सव्वा मीटरच्या आसपास, रुंद वाहनाला मनाई असे. वाटेच्या तोंडाशी तेवढ्याच फटीचे फाटक. मोटार आत शिरूच शकत नाही. पहारेकरी लागत नाही. पण २००३-०४ पासून दोन माणसे शेजारी-शेजारी बसतील अशा, स्टिअरिंग आणि पिंजरा असलेल्या गाड्या आल्या. एका कंपनीने मुद्दाम पन्नास इंचांची गाडी काढली, कारण फाटकातून जाणे हाच तिचा खपाचा मुद्दा होता. मग साठ इंच, चौसष्ट इंच असे करत गाड्या रुंद होत गेल्या आणि ‘वाटा रुंद करा’ ही मागणी सुरू झाली. पायूटच्या काही भागांत रुंद गाड्यांना वाट मिळाली, काही भाग पन्नास इंचांचेच राहिले. यंत्राने वाटेला वाकवायचे की वाटेने यंत्राला, हा झगडा दर दहा वर्षांनी नव्याने करावा लागतो.

वाट टिकते ती पाण्याच्या व्यवस्थेवर. चाकांनी खाच पडली की पावसाचे पाणी त्यातून वाहते आणि खाचेचा ओहोळ होतो. पुढचा गाडीवाला ती टाळून बाजूने जातो; तिथे दुसरी खाच. ओल्या कुरणात अशाने एका वाटेच्या पाच-सहा वाटा होतात. म्हणून उतारावर ठरावीक अंतराने वाटेला हलका खळगा आणि उंचवटा देऊन पाणी बाहेर काढतात, ओढ्यावर मोरी किंवा साकव घालतात, दलदलीत दगड बसवतात आणि बर्फ वितळण्याच्या दिवसांत वाट बंद ठेवतात. आवाजाची मर्यादा असते. वणवा लागू नये म्हणून धुराड्यात ठिणगी अडवणारी जाळी सक्तीची असते.

याचा पैसा येतो कुठून? बराचसा चालवणाऱ्यांकडूनच. कॅलिफोर्नियाने १९७१ मध्येच कायदा करून या वाहनांची नोंदणी आणि त्या पैशातून वाटांची देखभाल सुरू केली. १९९१ मध्ये केंद्राने एक साधा हिशेब मान्य केला: रानात जळणाऱ्या पेट्रोलवरही महामार्गाचा कर भरला जातो, तर त्यातला वाटा रानवाटांना मिळावा. या निधीत ३० टक्के मोटारवाटांना, ३० टक्के बिनमोटारींच्या वाटांना आणि उरलेले ४० टक्के दोघांना उपयोगी अशा कामांना, अशी वाटणी ठरली. चालणारे आणि गाडीवाले एकमेकांचे तोंड पाहत नसले तरी एकाच तिजोरीवर आले.

वहिवाटीचा हक्क

सगळ्यांनी हे निमूट मानले असे मात्र नाही. यूटाच्या आग्नेय कोपऱ्यात ब्लँडिंग गावाजवळ रिकॅप्चर कॅन्यन ही घळ आहे. तिच्यात प्राचीन पुएब्लो लोकांची घरे, धान्याची कोठारे, उकिरडे यांचे अवशेष आहेत. २००५ च्या सुमारास तिथे परवानगीविना एटीव्हीची वाट पाडली गेली. अवशेषांची नासधूस झाल्याने ब्युरोने २००७ मध्ये घळीत मोटारबंदी केली. गावकऱ्यांना हे खुपत राहिले. १० मे २०१४ रोजी काउंटीचे आयुक्त फिल लायमन यांच्या पुढाकाराने अनेकांनी एटीव्ही घेऊन बंद घळीत फेरी काढली. लायमन यांना २०१५ मध्ये दोषी ठरवून दहा दिवसांचा तुरुंगवास झाला. पुढे डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली.

त्यांचा संताप समजून घेण्यासारखा आहे. दूरच्या राजधानीतले लोक आमच्या अंगणातली वाट का अडवतात, असा तो प्रश्न होता. त्याला एक कायदेशीर मूळही आहे. १८६६ च्या खाणकायद्यात एक छोटे कलम होते. राखीव नसलेल्या सार्वजनिक जमिनीवर रस्ता काढण्याचा हक्क त्याने देऊन टाकला होता. १९७६ मध्ये ते कलम रद्द झाले, पण तोवर मिळालेले हक्क शाबूत ठेवले गेले. म्हणजे १९७६ पूर्वीची वहिवाट दाखवता आली तर वाट काउंटीची. यूटा राज्य आणि तिथल्या काउंट्यांनी अशा हजारो वाटांवर दावे केले आहेत. वृद्ध गुराख्यांच्या साक्षी नोंदवल्या जात आहेत. मला हे वाचताना आपले तहसीलदार कार्यालय आठवत होते. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली ‘वहिवाटीचा रस्ता अडवला’ म्हणून आपल्याकडे आजही अर्ज पडतात, आणि तिथेही म्हाताऱ्यांचीच साक्ष लागते.

पण वहिवाटीचा हक्क सांगताना एक फरक दृष्टिआड होतो. बैलाच्या पावलांनी कमावलेला हक्क इंजिनाला आपोआप लागू होतो का? आणि त्याच घळीत ज्यांच्या पूर्वजांची घरे आहेत, त्यांची वहिवाट तर हजार वर्षांची. ती कोणत्या रजिस्टरात?

खासगी जमीन, सार्वजनिक वाट

आता देशाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. वेस्ट व्हर्जिनियाच्या दक्षिण भागात केंद्राची जमीन अशी फारशी नाही. डोंगर आहेत ते कोळसा, लाकूड आणि जमीन कंपन्यांचे. कोळशाच्या खाणी यंत्रांनी चालू लागल्या, मग एकेक बंद पडू लागल्या आणि गावे ओस पडली. मॅकडॉवेल काउंटीची लोकसंख्या १९५० मध्ये ९८,८८७ होती. २०२० च्या जनगणनेत १९,१११ राहिली. उरलेली पोरे संध्याकाळी एटीव्ही काढून खाणींच्या सोडलेल्या रस्त्यांवरून फिरत. ते अतिक्रमणच होते. कंपन्या अडवत, कारण कोणी दरीत पडला तर भरपाईचा दावा त्यांच्यावर येणार.

१९९६ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायद्याने एक प्राधिकरण स्थापन केले: हॅटफील्ड-मॅकॉय. एकोणिसाव्या शतकात टग फोर्क नदीकाठी एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन घराण्यांची ही नावे. प्राधिकरणाने कंपन्यांकडून जमीन विकत घेतली नाही. फक्त वाट वापरण्याचा करार केला आणि त्या बदल्यात अपघाताच्या दायित्वाचा विमा स्वतःच्या अंगावर घेतला. चालवणाऱ्याने परवाना काढायचा, शिरस्त्राण सक्तीचे, दारू वर्ज्य, गाडीच्या रचनेपेक्षा जास्त माणसे बसवायची नाहीत. अवघडपणानुसार वाटांना हिरवा, निळा, काळा असे रंग. राखणीला स्वतःचे रक्षक. २००० साली सुमारे ३०० मैलांच्या वाटा खुल्या झाल्या. आज त्या हजार मैलांच्या पुढे गेल्या आहेत.

१९२० साली खाणकामगार आणि मालकांचे पहारेकरी यांच्यात जिथे गोळीबार झाला, त्या मेटवानसारख्या गावांत एटीव्ही थेट रस्त्यावर येतात. रिकाम्या घरांची पाहुणेघरे झाली, दुरुस्तीची दुकाने निघाली. याने कोळशाचा पगार परत आला नाही. खाणकामगाराची मजुरी आणि पाहुणेघरातल्या चादरी बदलण्याची मजुरी यांची बरोबरी होत नाही. शिवाय जमीन कंपनीची ती कंपनीचीच आहे. तिला उद्या डोंगर फोडायचा असेल तर वाट हलते. तरीही जिथे सगळेच बंद होत होते तिथे काहीतरी उघडले, हे खरे.

यूटा आणि वेस्ट व्हर्जिनिया ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की मला जे सांगायचे आहे ते स्पष्ट होते. एकीकडे जमीन सर्वांची होती, पण वाट कोणाचीच नव्हती. म्हणून पन्नास वर्षे भांडण झाले. दुसरीकडे जमीन खासगी होती, पण वाटेची जबाबदारी एका संस्थेने घेतली. म्हणून ती सार्वजनिक झाली. वाट सार्वजनिक ठरते ती जमिनीच्या मालकीने नाही. तिला क्रमांक कोणी दिला, ती दुरुस्त कोण करतो, बंद करण्याचा अधिकार कोणाला आणि माणूस पडला तर उत्तर कोण देतो, यावर ती ठरते.

आपल्या सड्यावर

आपल्याकडे एटीव्ही अजून मुख्यतः पर्यटनस्थळांच्या कुंपणात आहे. लोणावळ्याकडे, महाबळेश्वर-पाचगणीकडे पैसे भरून चार फेऱ्या मारायच्या, एवढेच. पण चारचाकी ताकदीच्या गाड्या आता घरोघरी आहेत आणि त्यांच्या जाहिराती त्यांना नदीपात्रात, माळावर, वाळूवर पळताना दाखवतात. कोकणच्या किनाऱ्यावर भरतीत अडकलेली मोटार ही दर सुट्टीची बातमी झाली आहे. गोव्यात किनाऱ्यावर वाहन नेण्यास बंदी आहे, तरी गुन्हे नोंदवावे लागतातच. वेळास, आंजर्ले येथे ज्या वाळूत कासवे अंडी घालतात, त्या वाळूत टायरची खाच पडली तर बोटभर लांबीच्या पिल्लाला ती भिंतीसारखी असते. ते खाचेतच फिरत राहते, समुद्रापर्यंत पोहोचत नाही. कास आणि भोवतालच्या सड्यांवर जांभ्यावर मातीचा थर पातळ. त्यातच पावसाळ्यातली सारी फुले. यूटाच्या काळ्या पापडासारखेच इथेही ‘काही नाही’ असे वाटणाऱ्या जागेतच सर्वकाही आहे.

आपला प्रतिसाद दोन टोकांचा असतो. घटना घडेपर्यंत सगळे खुले आणि घडल्यावर सरसकट बंदी. बंदीची पाटी लागते, तिच्या शेजारून नवी वाट पडते. सरसकट बंदीत गावच्या गुराख्याचा, मध गोळा करणाऱ्याचा, देवीच्या जत्रेला गाडीवाटेने जाणाऱ्यांचा हक्कही नाहक अडकतो.

खरे तर आपल्याकडे पाया तयार आहे. गावनकाशावर पाऊलवाट एका तुटक रेषेने, गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने दाखवण्याची पद्धत जुनी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमात बांधावरून जाण्याच्या हक्काची तरतूद आहे. पण या नोंदी शेतापर्यंत पोहोचण्यासाठी आहेत. सडा, गायरान, देवराई, किनारा यांवर आज प्रत्यक्षात चालणाऱ्या वाहनांची त्यात दखल नाही. एखाद्या तालुक्याने दहा-पंधरा गावांपुरते जरी हे काम हाती घेतले तरी पुरे. गावकऱ्यांना सोबत घेऊन प्रत्येक वाट चालायची आणि एका कागदावर चार रकाने भरायचे: वाटेचा क्रमांक, ती पायी, बैलगाडीची की मोटारीची, कोणत्या महिन्यांत बंद, आणि दुरुस्ती कोणाकडे. पाहुण्याकडून शुल्क घ्यायचे असेल तर ते चौथ्या रकान्यातल्या नावाकडे जावे. हा कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला की बाकी सगळे बंद, असे म्हणण्याचा अधिकार गावाला मिळेल. माझ्याकडे तीन गावांच्या वाटांच्या अशा याद्या तयार आहेत. त्यातला चौथा रकाना अजून कोरा आहे.